फवारलेलं गवत

कॉलनीत तिला सगळे मेट्रन म्हणायचे, आणि ते काही प्रेमाने नव्हे. सरकारी दवाखान्यात तिने उभी हयात वॉर्ड सांभाळला. निवृत्त होऊन घरी बसली, तरी बाईच्या चालण्यातला वॉर्ड गेला नाही. समोरून कुणी आलं की ही आधी त्याच्या नखांकडे बघणार, मग तोंडाकडे. सुनेने घासून ठेवलेली भांडी पुन्हा विसळणार आणि वर म्हणणार, "स्वच्छच आहेत हो, आपलं माझं समाधान." सुनेने कानात बोळे घालून संसार करायची विद्या पहिल्याच वर्षी आत्मसात केली होती. मुलगा आईलाही भ्यायचा आणि बायकोलाही, त्यामुळे तो बहुतेक वेळ कामावर असायचा.

बाईचा खरा संसार कॉलनीच्या मागच्या कुंपणाशी होता. पंपाच्या खोलीमागे विटांचे चौकोनी हौद बांधलेले होते. चांगले कमरेइतके उंच, जमिनीच्या वर; पण नाव मात्र खड्डे. पाल्याचे खड्डे. प्रत्येक घराला पुढे बाग, रस्त्याच्या दुतर्फा झाडं, त्यामुळे पाल्याला तोटा नव्हता. दर रविवारी सकाळी माणसं पोती घेऊन यायची आणि मेट्रन खड्ड्यांच्या फाटकाशी लांब दांड्याचं फावडं घेऊन उभी असायची. फांद्या बोटाएवढ्या तोडून आणा. रोगट पानं वेगळी. ओलं इकडे, सुकं तिकडे. जरा चुकलं की पोतं परत. भल्याभल्यांना तिने असं चारचौघांत परत पाठवलं होतं आणि त्यात तिला मनापासून आनंद होत असे. हे मी कौतुक म्हणून नाही सांगत. ज्याला माणसांना हाकलण्यात आनंद होतो, त्याच्यावर वेळ आली की कुणी धावत येत नाही, म्हणून सांगते.

ढिगाच्या पोटात तिने एक लोखंडी सळई खुपसून ठेवलेली असे. रोज सकाळी ती सळई उपसून मुठीत धरायची. हाताला चटका बसला तर ढीग तापलाय, आतलं काम नीट चाललंय. कोमट लागली तर उलथापालथ करायची, पाणी शिंपडायचं. रोग्याच्या कपाळावर जेवढ्या मायेने तिने कधी हात ठेवला नसेल, तेवढ्या मायेने ती ती सळई धरायची.

हे खड्डे तिला कुणी आंदण दिले नव्हते. पूर्वी पानगळीच्या दिवसांत जो तो आपापला पाला भिंतीशी लोटायचा आणि काडी लावून मोकळा व्हायचा. महिना-महिना कॉलनीवर धूर बसून राहायचा. तिचा नवरा छापखान्यात काम करून छातीचा खुळखुळा करून घेतलेला माणूस. त्या दिवसांत तो खिडकीशी बसून नुसता खोकायचा. आणि शेजारच्या घरात कोण? त्याचाच सख्खा धाकटा भाऊ. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेला, शिस्तीचा, पाला रेषेत झाडून रेषेत जाळणारा. मेट्रन कुंपणावरून ओरडायची, "भाऊजी, धूर आत येतोय! तुमचा भाऊ खोकतोय इकडे!" भाऊजींची पाठ हलायची नाही. त्याच मोसमात नवरा गेला. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. मेट्रन म्हणाली धुराने मारलं. त्याला पोचवून सगळे घरी आले तेव्हा तिने भरल्या घरात दिराकडे बोट दाखवलं: "ह्यांनी जाळलेल्या पाल्याने गेला तो. ओरडून सांगितलं, तरी ऐकलं नाही."

"मला काहीही ऐकू आलेलं नाही," भाऊजी म्हणाले. "आणि वहिनी, नर्स तुम्ही होतात. मी नाही."

त्या दिवसापासून दोघांचा अबोला. आधीही विळ्याभोपळ्याचंच सख्य होतं, पण आता भोपळा विळ्याचं तोंडही बघेना. अबोला म्हणजे गप्प बसणं असं मात्र कुणी समजू नये. त्या दोन घरांच्या कुंपणावरून दिवसभर बोलणं चालायचं, फक्त कुणी कुणाशी बोलायचं नाही. लेकी बोले सुने लागे, हाच कारभार. भाऊजींना काही सुनवायचं असलं की ते आपल्या बायकोला हाक मारून मोठ्याने सांगायचे. मेट्रनला उत्तर द्यायचं असलं की ती नळाला द्यायची, मांजराला द्यायची, दोरीवरच्या चादरीला द्यायची. मधल्यामध्ये जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, दोघांच्या शब्दांनी निथळत उभी. बिचारी स्वभावाने गरीब. दोन्हीकडचं ऐकायची आणि दोन्हीकडे "हो, हो" म्हणायची.

नवऱ्याच्या मागे मेट्रनने कमिटीच्या मागे लागून नियम करून घेतला. कॉलनीत पाला जाळायचा नाही. ट्रकात भरून गावाबाहेर फेकायचा नाही. बागेतली काडी न् काडी खड्ड्यात यायची, तिथेच कुजायची आणि खत होऊन ज्याच्या त्याच्या बागेत परत जायची. नव्या विधवेला नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी हात वर केले. भाऊजींनी केला नाही, पण त्यांचं एकट्याचं मत कोण विचारतो. त्यांनी मग झाडंच काढून टाकली आणि अंगणभर हिरवळ लावली. दोरी ताणून कापायचे. त्यात एक वेगळं पान दिसलं तर त्यांना झोप लागायची नाही. कापलेलं गवत पोत्यात भरून खड्ड्यांच्या फाटकाबाहेर ठेवायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत. मेट्रन ते पोतं उचलून आत ओतायची. इतकाच दोघांचा व्यवहार.

एका रविवारी सकाळी भाऊजी फाटकाबाहेर पोतं ठेवून थांबले. जाऊ शेजारी होती. मेट्रन आत फावडं मारत होती. भाऊजींनी घसा साफ केला आणि बायकोच्या तोंडाकडे बघत, फाटकाच्या आत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "अगं, हिरवळीवर तणाचं औषध मारलंय मी. जालीम आहे. म्हणावं हे गवत खड्ड्यात घालण्यासारखं नाही. नंतर बोंब नको."

शब्द न् शब्द मेट्रनच्या कानात गेला. पण तिला त्यात औषध ऐकूच आलं नाही. तिला ऐकू आलं ते एवढंच, की हा माणूस नियमातून पळवाट काढतोय. आज म्हणेल खड्ड्यात नको, उद्या म्हणेल जाळतो. ती फावड्याला म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा. काडी न् काडी आत यायची." आणि बाहेर येऊन तिने ते पोतं स्वतःच्या हाताने उचललं आणि ढिगावर उपडं केलं. भाऊजी बघत राहिले. तोंडावर एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण आधी कोण बोलणार? हा प्रश्न त्या दोघांना ढिगापेक्षा मोठा वाटत होता. माणसं अशी असतात. पुढचे कित्येक रविवार पोती येत राहिली आणि ही ओतत राहिली.

खत झालं तेव्हा दिसायला सोन्यासारखं होतं. काळं, भुसभुशीत, हाताला न चिकटणारं. माणसं बादल्या घेऊन आली आणि घेऊन गेली. कमिटीच्या सेक्रेटरीचा त्या जागेवर कधीपासून डोळा होता; तिथे फरशी घालून गाड्या उभ्या करायच्या होत्या. पण खत असं उतरल्यावर त्यालाही तोंड उघडता येईना. मेट्रन घरी येऊन सुनेने केलेला चहा काही न बोलता प्यायली. सूनसुद्धा चमकली.

मग टोमॅटो वळायला लागले. पानं आतल्या आत मिटून मुठीसारखी झाली. घेवड्याचे वेल मान मुरगाळल्यासारखे वाकडे झाले. गुलाबाच्या कळ्या उमलण्याआधीच वेड्यावाकड्या. आधी वाटलं कीड असेल, पण एकाच आठवड्यात सगळ्या कॉलनीत एकच कीड? ज्यांनी खत नेलं नव्हतं त्यांच्या बागा ठणठणीत होत्या. कुणीतरी दोन आणि दोन चार केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनच्या दारात खताचे ढीग पडले होते. एकाने तर बादलीसकट आणून आपटलं.

"घ्या तुमचं औषध," कोपऱ्यावरच्या घरातली शिक्षिका म्हणाली. "माझे गुलाब माझ्या आईने लावलेले होते."

मेट्रनला त्या क्षणी समजलं. तणाचं औषध. गवत. स्वतःच्या हाताने उपडं केलेलं पोतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

सभा हॉलमध्ये भरली. सेक्रेटरी खुशीत होता. सुंठीवाचून खोकला जात होता. मेट्रन उठली आणि तिने शेजारच्या रांगेकडे हात केला. "माझ्या खड्ड्यात विष आलं ते ह्यांच्या हिरवळीतून. विचारा, औषध मारतात की नाही."

भाऊजी उठले. "मारतो. आणि मी आधीच सांगितलं होतं, की ते गवत घालू नका."

"कुणाला?" मेट्रन म्हणाली.

भाऊजींनी बायकोकडे बघितलं.

"मला सांगितलं? हा माणूस माझ्याशी गेली कित्येक वर्षं बोलत नाही, हे इथे कुणाला माहीत नाही? मला कधी एका शब्दाने बोलल्याचं कुणी ऐकलंय का?"

हॉलमध्ये हशा पिकला. भाऊजींचा चेहरा पडला. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं, आणि मेट्रनला ते पक्कं ठाऊक होतं. जाऊ मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसली होती. ती एक शब्द बोलली असती तर मेट्रन जागच्या जागी उघडी पडली असती. पण तिला कुणी विचारलंच नाही. तिला कधीच कुणी विचारत नसे.

सगळी कॉलनी भाऊजींवर उलटली. मेलेली टोमॅटोची रोपं त्यांच्या हिरवळीवर येऊन पडायला लागली. रस्त्यात कुणी ओळख देईना. जाऊ दुकानात गेली की बायका बोलणं थांबवायच्या. मेट्रन खिडकीतून बघायची आणि स्वतःला बजावायची की बरं झालं, ह्याच्यावर हीच वेळ यायला हवी होती. पण जेवण जात नव्हतं.

सेक्रेटरी मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "विष कुणी का कालवेना," तो म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत ते खत कॉलनीतून हललं पाहिजे. नाही हललं तर खड्डे पाडायचे आणि फरशी घालायची. तसं ठरलंय."

हलवणार कुठे? ट्रकवाला म्हणाला, विषारी म्हणताय तर मी हात लावत नाही. नर्सरीवाल्याने लांबूनच हात जोडले. सून म्हणाली, "नाल्यात ढकलून द्या आणि सुटा." मेट्रनने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की ती पुन्हा बोळे घालून बसली. आपल्या वॉर्डातली घाण दुसऱ्याच्या वॉर्डात ढकलायची, हे तिने नोकरीत कधी केलं नव्हतं. आणि खड्डे गेले की पुन्हा भिंतीभिंतीशी काड्या पेटणार, हे तिला दिसत होतं. तिला त्या धुराचा वासही आठवत होता.

ढिगाशी बसून बसून तिच्या एक गोष्ट लक्षात आली. खाली सांडलेल्या खतात रुंद पानांचं जे जे उगवलं होतं, ते सगळं वळून मेलं होतं. पण गवत? गवत तरारून आलं होतं. हिरवंगार, टचटचीत. ती किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. गवताला हे औषध लागतच नाही. म्हणजे हे खत फक्त हिरवळीला चालेल. आणि सबंध कॉलनीत हिरवळ एकाचीच होती.

ती भाऊजींच्या फाटकातून आत गेली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. भाऊजी हिरवळीवरचे टोमॅटोचे सांगाडे वेचत होते. जाऊ पायरीवर बसली होती. तिने मेट्रनला बघितलं आणि तोंड फिरवलं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "ते खत मला तुमच्या हिरवळीवर पसरायचंय," मेट्रन म्हणाली. "गवताला ते चालतं. दुसरीकडे कुठेच चालत नाही."

"कुणाशी बोलताय?" भाऊजी म्हणाले. "नळ तिकडे आहे."

"तुमच्याशी बोलतेय."

"मग मीही बोलतो. तुम्ही ऐकलं होतंत की नव्हतं?"

"ऐकलं होतं."

"किती?"

"सगळं. औषध, जालीम, बोंब नको. सगळं."

जाऊने पहिल्यांदाच मान वर केली. भाऊजींनी हातातला सांगाडा खाली टाकला. "मला सांगून काय उपयोग? मला ते माहीतच आहे. हॉलमध्ये जे हसले, त्यांना सांगा. मग पसरा हवं तितकं."

"मग माझ्या हातात खड्डे राहणार नाहीत."

"नाही राहणार," भाऊजी म्हणाले. "माझ्या हातात तरी काय राहिलंय?"

रविवारी ती फाटकाशी उभी राहिली. पोती घेऊन फारसं कुणी आलंच नव्हतं. भांडण बघायला मात्र बरेच आले होते. सेक्रेटरी टेप लावून जागा मोजत होता. भाऊजी लांब उभे होते. मेट्रनने फावडं भिंतीला टेकवलं. वॉर्डात साहेबांची फेरी आली की ती जशी ताठ उभी राहायची, तशी उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यांनी सांगितलं होतं. बायकोकडे बघून सांगितलं, पण मला ऐकवण्यासाठी. मी ऐकलं आणि मुद्दाम पोतं ओतलं. सभेत मी तुम्हाला फसवलं. तुमच्या बागा मी मारल्या."

कुणी हसलं नाही. शिक्षिका पुढे आली. "वीतभर फांदीवरून आम्हाला माघारी धाडायचात," ती म्हणाली, "आणि स्वतः?" ती वळून निघून गेली. मागून कुणीतरी "लाज वाटायला हवी" म्हणालं, आणि मेट्रनला ती वाटतच होती. सेक्रेटरीने हात पुढे करून खड्ड्यांच्या फाटकाची किल्ली मागितली आणि तिने ती देऊन टाकली. ती कुणाकडे द्यायची यावर कुजबुज झाली. कुणालाच नको होती. तेव्हा जाऊ पुढे आली आणि तिने ती सेक्रेटरीच्या हातातून काढून घेतली.

"मी बघेन खड्डे. महिनाअखेर खत हललेलं असेल. टेप गुंडाळा तुमची." मग ती नवऱ्याकडे आणि मेट्रनकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "आणि एक ऐका दोघांनी. यापुढे माझ्या तोंडाकडे बघून एकमेकांशी बोलायचं नाही. मी काही टेलिफोन नाही."

मेट्रन दुसऱ्या दिवसापासून खत वाहायला लागली. कुणी मदतीला आलं नाही आणि तिने कुणाला बोलावलंही नाही. पाटीत भरायचं, फाटकातून न्यायचं, हिरवळीवर ओतायचं आणि दाताळ्याने पातळ पसरायचं. भाऊजी बाहेर यायचे, उभे राहायचे, आत जायचे. खड्डे वाचले होते, तिचे राहिले नव्हते. पण निदान पुन्हा कुणी काडी लावणार नव्हतं, आणि एवढं घेऊन आपण मरू शकतो असं तिला वाटायला लागलं होतं.

शेवटच्या दिवशी कुंपणालगतचा पट्टा राहिला होता. भाऊजी पाण्याचा पाइप हातात घेऊन तिच्या मागे आले. पाइप चालू नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही धुराचं ओरडायचात ना. ते मला ऐकू यायचं."

मेट्रनचं दाताळं थांबलं.

"दादाचा खोकलाही यायचा. रात्री तर फारच. मला वाटायचं ही बाई हुकूम सोडतेय, मी का ऐकायचं? म्हणून आणखी पाला लोटायचो मी आगीत."

गेली सगळी वर्षं ती जगाला सांगत आली होती की ह्याने ऐकलं होतं. भांडणात, सभेत, सुनेला, नळाला. पण तिच्या मनाच्या तळाशी कुठेतरी एक जागा होती, जिथे तिला वाटायचं की नसेलही ऐकू आलं. पाठ होती त्याची, वारा होता, असेल. त्या एका 'असेल'मुळे तिला शेजारी राहता येत होतं, त्याच्या घरातला दिवा लागलेला बघवत होता. हे तिला आत्ता, तो आधार गेल्यावर कळलं. हातातलं दाताळं उचलून त्याच्या डोक्यात घालावं असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी कळलं की तिने पोतं ओतलं ते अगदी ह्याच रागाने.

तिने त्याला माफ केलं नाही. त्यानेही तसं काही मागितलं नव्हतं. तो तिथेच उभा होता, भावासारखाच पुढे झुकलेला.

"बाजूला व्हा, भाऊजी," ती म्हणाली. "माझं काम राहिलंय."